ध्रुवीय अस्वलं नेमकी मोजतात कशी? (आठवीच्या वर्गासाठी विचारतेय)

आठवी_ब

पुण्यात आठवीला विज्ञान शिकवते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ध्रुवीय अस्वलांवरून जुंपली आहे. बी विंगमधले एक काका सकाळी फिरून आले की फॉरवर्ड टाकतात: १९६० च्या दशकात ५ हजार अस्वलं होती, आज २६ हजार आहेत, सबब हवामानबदल हे थोतांड. त्यावर वरच्या मजल्यावरच्या ताईंनी तो हाडं वर आलेल्या, पाय ओढत चालणाऱ्या अस्वलाचा व्हिडिओ टाकला. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. मला दोन्ही पटेना, पण बोलायचं तर हातात काही हवं ना.

वर्गात सहज विषय काढला तर एक मुलगी म्हणाली, "बाई, पांढऱ्या बर्फावर पांढरं अस्वल दिसतं कसं? आणि तेच दोनदा मोजलं गेलं तर?" प्रश्न रास्त आहे. पुस्तकात अस्वल येतं ते अनुकूलनापुरतं: जाड चरबी, पांढरे केस, पुढचा प्राणी उंट.

तर मोजतात कसे? ५ हजारांचे २६ हजार झाले हे खरं का? अस्वलं उपाशी आहेत हे फोटो सोडून कशावरून ठरवतात? आणि आपल्याकडचं कुणी तिकडे काम करतं का? कृपया लिंका देऊन पळू नका, इथेच मराठीत सांगा.

मस्तानी_एक_फुल

काळी नाकं मोजत असतील. मोजताना अस्वलांना डोळे मिटून घ्यायला सांगत असतील.

बी विंगच्या काकांना पाठवा, ते दुपारी १ ते ४ सोडून मोजून देतील.

उसातला_बिबट्या

नाकाची चेष्टा चालू द्या, पण नाकाशेजारच्या मिशांच्या ठिपक्यांवरून अस्वलं ओळखायचा प्रयोग कॅनडात चर्चिल गावाजवळ खरंच झाला आहे. प्रत्येक अस्वलाची ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. अडचण एवढीच की त्यासाठी तोंडाचा बाजूने, जवळून, स्पष्ट फोटो लागतो.

बाई, माझी काही वर्षं जुन्नर-ओतूर पट्ट्यातल्या बिबट्यांचे कॅमेरा ट्रॅपचे फोटो निवडण्यात गेली, म्हणून हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी हेच त्याचं आधार कार्ड. वाघाचे पट्टे तसेच. दोन्ही कुशींचे फोटो मिळाले की हा तोच का दुसरा, याचा निकाल लागतो. ध्रुवीय अस्वलाच्या अंगावर असलं काहीच नाही. शिवाय एकेक अस्वल वर्षभरात हजारो चौरस किलोमीटर पालथं घालतं, तेही सरकत्या बर्फावर. कॅमेरा बांधायला झाडही नाही. म्हणून तिकडे आधी खूण करावी लागते.

पद्धत जुनी आहे. हेलिकॉप्टरमधून भुलीचा डार्ट मारायचा. अस्वल निजलं की कानाला टॅग, ओठाच्या आत गोंदलेला नंबर, मोजमापं, रक्त, चरबीचा छोटा नमुना. एक निरुपयोगी इवलीशी दाढ काढतात. तिचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडासारखी वर्षागणिक वलयं दिसतात, त्यावरून वय कळतं. मग पुढच्या हंगामात पुन्हा पकडायला जायचं. समजा पहिल्या वर्षी ५० अस्वलांना खूण केली. दुसऱ्या वर्षी ४० हाती लागली, त्यातली १० खुणेची. म्हणजे पकडलेल्यांपैकी पाव हिस्सा खुणेचा, तर एकूण कळपातही साधारण पाव हिस्साच खुणेचा असणार. ५० हा पाव हिस्सा असेल तर एकूण २००. प्रत्यक्षात मेलेली, जन्मलेली, हद्द ओलांडून गेलेली अशी सगळी वजाबाकी-बेरीज त्यात घालावी लागते आणि तिथेच गणिताची खरी मारामारी असते. तुमच्या विद्यार्थिनीच्या "दोनदा मोजलं तर" या शंकेचं उत्तरही हेच आहे. इथे दोनदा सापडणं ही चूक नाही. दोनदा सापडतात म्हणूनच हिशेब जमतो.

आता "दिसतं कसं". कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑगस्टच्या शेवटी विमानातून मोजणी करतात. त्या वेळी समुद्रावरचा बर्फ पूर्ण वितळलेला असतो आणि झाडून सगळी अस्वलं जमिनीवर आलेली असतात. खाली तपकिरी-हिरवी जमीन, तिच्यावर पांढरा ठिपका. विमानात पुढे-मागे बसलेले निरीक्षक एकमेकांना न सांगता नोंद करतात. पुढच्याला दिसलेलं मागच्याला किती वेळा दिसलं नाही, यावरून दोघांनाही न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. विमानापासून अंतर वाढतं तसं दिसणं कमी होतं, तेही धरतात. उष्णता टिपणारे कॅमेरे इथे फारसे कामाचे नाहीत, कारण अस्वलाची चरबी आणि फर उष्णता बाहेरच पडू देत नाही. अलास्कात बर्फाखालच्या गुहा शोधायला ते कॅमेरे वापरले, तर निम्म्याहून कमी गुहा सापडल्या.

हल्ली पकडापकडी कमी करण्याकडे कल आहे. एक डार्ट असा असतो की तो कातडीचा टिचभर तुकडा घेऊन आपोआप खाली पडतो. तो उचलायचा, त्यातल्या डीएनएवरून अस्वलाची ओळख. बर्फातल्या ताज्या पावलांमधला बर्फ खरवडून त्यातूनही डीएनए काढता येतो. मला हे फार आवडलं. आमच्याकडे बिबट्याची विष्ठा वेचत उसातून फिरायला लागतं.

काकांच्या आकड्याबद्दल रात्री लिहितो, आता मीटिंग आहे.

आठवी_ब

वाट बघते. दाढेची गोष्ट मुलांना फार आवडणार. निरुपयोगी म्हणजे खरंच निरुपयोगी ना? नाहीतर "बाई, त्याला दुखलं असेल" यावर सगळी तासिका जाईल.

उसातला_बिबट्या

सुळ्यामागची खुंटासारखी दाढ असते, चावायला तिचा उपयोग नाही. भूल असतेच, वर वेदनाशामकही देतात. निश्चिंत सांगा.

आता ५ हजार. हा आकडा कुणी मोजलेलाच नव्हता. १९६५ साली अलास्कात फेअरबँक्सला ध्रुवीय अस्वलं असलेल्या पाचही देशांचे लोक अस्वलांवर पहिल्यांदा एकत्र बसले. तेव्हा रशियन अंदाज ५ ते ८ हजारांचा होता, अमेरिकन अंदाज १७ ते १९ हजारांचा. दोन्ही थोड्याशा निरीक्षणांवरून केलेल्या उड्या. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्यातली सोयीची उडी उचलली. आजचा २६ हजार हा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१५ च्या मूल्यांकनातला मधला आकडा आहे, खरा पल्ला २२ ते ३१ हजार. त्यातही रशियाच्या बाजूच्या मोठ्या पट्ट्यात धड मोजणी झालेली नाही. तेव्हा आधी अंदाज, नंतर अर्धवट मोजणी, आणि दोन्हींची वजाबाकी करून "वाढ". जुन्नरला कुणी म्हणालं की माझ्या आजोबांच्या वेळी गावात दोन बिबटे होते आणि आता चाळीस आहेत, तर मी आधी विचारतो, आजोबांनी मोजले कसे?

हे म्हणताना एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण काही ठिकाणी संख्या खरोखर वाढली. पूर्वी बेसुमार शिकार व्हायची. अलास्कात तर हौशी शिकारी विमानातून अस्वल हेरून मारायचे. १९७३ मध्ये ऑस्लोत कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी करार केला. शीतयुद्धाच्या ऐन काळात हे पाच जण एका कागदावर आले, हे मला अजून नवल वाटतं. बंदूक थांबल्यावर अस्वलं सावरली. त्या वाढीचं श्रेय करारालाच जातं, बर्फ कमी-जास्त होण्याशी तिचा संबंध नाही.

आणि सगळी मिळून एक संख्या विचारणं हेच मला पटत नाही. शास्त्रज्ञ बरीच वर्षं १९ गट धरत आले. २०२२ मध्ये आग्नेय ग्रीनलंडमधला एक वेगळा गटही जनुकांवरून समोर आला. तो समुद्रबर्फाऐवजी हिमनद्यांतून तुटून फ्योर्डात, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यात, साचलेल्या बर्फावर शिकार करतो. प्रत्येक गटाची कथा निराळी. पश्चिम हडसनचं बघा: १९८७ मध्ये सुमारे १,२००, २००४ मध्ये ९३५, २०१६ मध्ये ८४२, २०२१ मध्ये ६१८. यातले पहिले दोन आकडे खुणेच्या पद्धतीचे आणि नंतरचे दोन विमानातल्या मोजणीचे, त्यामुळे चारी बिंदू जोडून एकच रेघ मारू नका. २०२१ ला काही अस्वलं शेजारच्या दक्षिण हडसन गटात सरकली असण्याची शक्यता मोजणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. तरीही मोठ्या माद्या आणि तरुण अस्वलं कमी दिसली, ही गोष्ट नुसत्या सरकण्याने भागत नाही.

एरंडवणेकर

वाचतोय. बिबटेसाहेब, तुम्ही पश्चिम हडसन बरोबर निवडलंत. मी कॅनडा आणि ग्रीनलंडच्या मधलं केन बेसिन निवडतो. १९९० च्या दशकात १६४, २०१३-१४ च्या सुमारास ३५७. कॅनडातली मॅक्लिंटॉक खाडी: २००० साली २८४, २०१६ पर्यंत ७१६. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर बर्फ सगळ्यात वेगाने आटतोय म्हणतात, आणि तिथली अस्वलं चांगली धष्टपुष्ट. रशिया आणि अलास्काच्या मधल्या चुकची समुद्रातली तर गुटगुटीत. हे मुलांना का नाही सांगायचं? मी थोतांडवाला नाही, पण विज्ञानाच्या तासाला एकच बाजू शिकवायची पद्धत मला मान्य नाही.

उसातला_बिबट्या

सांगायचंच. तुमचे आकडे बरोबर आहेत, आणि ते सोडून विषय शिकवला तर तो अर्धाच राहील.

केन बेसिन आणि मॅक्लिंटॉक खाडीत पूर्वी अनेक वर्षांचा जाडजूड बर्फ असायचा. त्याखाली उजेड पोचत नाही. उजेड नाही तर बर्फाच्या तळाला चिकटून वाढणारं शेवाळ कमी, त्यावर जगणारे बारीक कवचधारी जीव कमी, ते खाणारा ध्रुवीय कॉड मासा कमी, म्हणून अस्वलाचं मुख्य खाणं असलेले सीलही कमी. सीलला श्वासासाठी बर्फात छिद्र राखावं लागतं, पुढच्या परांच्या नख्यांनी ते सतत खरडून उघडं ठेवतात. फार जाड बर्फात तेही कठीण. आता तिथे एका हिवाळ्याचा पातळ बर्फ येतो. सीलची चैन, म्हणून अस्वलांची चैन. पण हाच बर्फ आणखी पातळ होत उन्हाळ्यात लांबच लांब गायब राहू लागला, की त्या जागा आज हडसनच्या आहेत त्याच वाटेवर येतात. मॅक्लिंटॉकला तर शिकारीचा कोटाही मधल्या काळात एकदम खाली आणला होता, तेही विसरू नका.

चुकची समुद्र उथळ आणि अन्नाने श्रीमंत आहे, त्याचा फायदा आजवर पुरला. त्याच्याच शेजारी दक्षिण ब्यूफोर्ट समुद्रात २००१ ते २०१० या दशकात अस्वलं सुमारे १,५०० वरून ९०० वर आली. नकाशावर दोन्ही समुद्र खेटून आहेत. स्वालबार्डबद्दल तिथे जाऊन आलेलं कुणीतरी लिहील तर बरं, या मंचावर पाषाणचे एक जण आहेत.

उपाशीपणाचं आता. तो व्हिडिओ कॅनडातल्या सॉमरसेट बेटावरचा, २०१७ चा. ते अस्वल आजारी होतं, म्हातारं होतं की जखमी, हे कुणालाच तपासता आलं नाही. नॅशनल जिओग्राफिकने पुढच्या वर्षी मान्य केलं की त्या एका अस्वलाचा थेट हवामानबदलाशी संबंध जोडण्यात आपण फार पुढे गेलो. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या ताईंना सांगा, भावना योग्य, पुरावा कच्चा.

पक्का पुरावा असा असतो. २०१४ ते २०१६ मध्ये ब्यूफोर्ट समुद्रावर अमेरिकन संशोधक अँथनी पॅगानो आणि सहकाऱ्यांनी नऊ माद्यांना कॅमेरा असलेली कॉलर घातली आणि जड हायड्रोजन व जड ऑक्सिजन असलेलं पाणी टोचलं. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे जातो, ऑक्सिजन पाण्यावाटेही आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. आठ-अकरा दिवसांनी तीच अस्वलं पुन्हा पकडून रक्त तपासलं की दोन्हींच्या फरकातून त्यांनी किती इंधन जाळलं ते कळतं. निघालं असं की आधी धरलं होतं त्याच्या १.६ पट. दहा-बारा दिवसांत एक मोठा रिंग्ड सील मिळाला तरच भागतं. नऊपैकी पाच माद्यांचं वजन घटलं होतं, तेही एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन सुगीत.

मग प्रश्न आला, समुद्रबर्फ नसताना ती जमिनीवर पोट भरतील का? याच मंडळींचा दुसरा अभ्यास २०२४ मध्ये आला, पश्चिम हडसनमधला. वीस अस्वलं, प्रत्येकाच्या मागे उन्हाळ्यातले साधारण तीन आठवडे. काही नुसती लोळून राहिली. काहींनी बेरी, गवत, मेलेले पक्षी, अगदी पडलेली शिंगंसुद्धा चघळली. तीन अस्वलं लांबवर पोहत गेली, एक तर १७५ किलोमीटर. वीसपैकी १९ चं वजन उतरलं, सरासरी रोज एक किलोच्या आसपास. लोळणारी आणि धडपडणारी, दोघांच्या उतरण्यात म्हणावा तसा फरक नाही. बेरी मिळाल्या तरी त्या शोधायला जाळलेली चरबी भरून निघत नाही. वजन वाढलेलं जे एक अस्वल होतं त्याला समुद्री प्राण्याचं मढं सापडलं असावं. १९८० च्या दशकाच्या तुलनेत तिथली अस्वलं आता तीन-चार आठवडे जास्त जमिनीवर अडकतात. रोजचा एक किलो आणि हे आठवडे, गुणाकार मुलांना करू द्या.

पाषाणचा_मेकॅनिक

हाक मारलीत म्हणून आलो. मी अस्वलांचा माणूस नाही, उपकरणं दुरुस्त करणारा. एका उन्हाळ्यात त्या कामासाठी नी-ऑलेसुंडला होतो.

बाई, आपल्याकडचं कोण, तर भारताचं हिमाद्री हे केंद्र तिथेच आहे, स्वालबार्डमध्ये, ७९ अंश उत्तरेला. उत्तर ध्रुव तिथून १,२०० किलोमीटरच्या आसपास. १ जुलै २००८ ला सुरू झालं. चालवतं गोव्यातलं, वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम गेली तेव्हा त्यात आपल्या पाषाणच्या आयआयटीएमचा सहभाग होता. मुलांना सांगा, चांदणी चौकाच्या अलीकडे पावसाचा अभ्यास करणारी जी संस्था आहे, तिची माणसं चोवीस तास अंधाराच्या ध्रुवीय रात्रीत काम करून आली. अस्वल पकडणं मात्र आपल्याकडे नाही, ते नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेचं काम. आपलं काम हवा, हिमनद्या, फ्योर्डचं पाणी आणि त्यातले सूक्ष्मजीव यांवर. २०१४ मध्ये गावाशेजारच्या कोंग्सफ्योर्डात १९० मीटरच्या आसपास खोलीवर आपली इंडआर्क नावाची उपकरणांची माळ सोडली, पाण्याचं तापमान आणि खारटपणा वर्षभर नोंदवायला.

आणि त्या पाण्याचा अस्वलाशी थेट संबंध आहे, म्हणून लांबण लावतो. २००६ पासून अटलांटिकचं कोमट पाणी त्या फ्योर्डात जास्त शिरू लागलं आणि हिवाळ्यात तो पूर्वीसारखा गोठेनासा झाला. बर्फच नाही तर त्यावर साचणाऱ्या हिमात सील पिल्लांसाठी बिळं कुठे करणार? पाण्यातले कॅलॅनस नावाचे तांदळाच्या दाण्याएवढे जीवही बदलतात, चरबीने गच्च असलेल्या थंड पाण्याच्या जातीऐवजी लहान, कमी चरबीची अटलांटिक जात येते. छोटे ऑक पक्षी त्या चरबीवर पिल्लं वाढवतात. वरच्या टोकाला अस्वल, ते सील सोडून पाणहंसांच्या आणि आयडर बदकांच्या घरट्यांकडे वळलं आहे. तिथल्या बेटांवर एक अस्वल उतरलं की वसाहतीतली अंडी फस्त. दक्षिणेला हॉर्नसुंडच्या पोलिश केंद्राच्या लोकांनी तर २०२० मध्ये एका मादीला रेनडिअर पाण्यात पिटाळून, बुडवून मारताना चित्रित केलं.

एरंडवणेकरांना: होय, तिथली मोठी अस्वलं खंगलेली दिसत नाहीत. शिकार १९७३ ला बंद झाली, वालरसचं रक्षण १९५२ पासून, रेनडिअरचं १९२५ पासून. वालरसची मढी, रेनडिअर, अंडी, वसंतात उरल्यासुरल्या बर्फावर दाटीने जमलेले सील, असा किडुकमिडुक डबा अजून पुरतोय. किती वर्षं पुरेल यावर तिथे जेवणाच्या टेबलावर वाद ऐकलेत, एकमत ऐकलं नाही.

गावाबद्दल मुलांना आवडेल असं: दारांना कुलूप लावत नाहीत, रस्त्यात अस्वल आलंच तर जवळच्या कुठल्याही घरात घुसता यावं म्हणून. वस्तीबाहेर बंदूक घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि आधी चालवायचं प्रशिक्षण. मी होतो तेव्हा मोबाइल, वायफाय बंद, कारण तिथली रेडिओ दुर्बीण फार नाजूक आहे. २०२५ पासून स्वालबार्डमध्ये अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचा कायदा आहे, मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर. मला अस्वल दिसलं का? नाही. ध्रुवीय कुरऱ्यांनी मात्र डोक्यावर रोज चोची मारल्या, डोक्याच्या वर काठी धरून चालायचो.

आठवी_ब

तुम्हा सगळ्यांना वर्गात बोलवावंसं वाटतंय. काठीची गोष्ट आजच सांगितली.

दोन शेवटच्या शंका. मुलांनी विचारलं, कॉलर माद्यांनाच का घालतात? आणि खुणेची मोजणी वर्गात करून बघता येईल का, हेलिकॉप्टर सोडून?

उसातला_बिबट्या

मोठ्या नराची मान डोक्यापेक्षा जाड असते, कॉलर सरळ निसटून येते. वाढत्या वयाच्या पिल्लांना घातली तर गळा आवळेल. म्हणून नरांसाठी कानातले छोटे ट्रान्समीटर किंवा फरला चिकटवायचे टॅग वापरतात, ते फार दिवस टिकत नाहीत. परिणामी नर कुठे फिरतात याबद्दल माद्यांच्या मानाने बरंच कमी माहीत आहे.

वर्गात नक्की करा. कापडी पिशवीत न मोजता तीन-चार मुठी वाल घाला. राजमा नको, त्यावर मार्कर दिसत नाही. एका मुलाने न बघता ३० काढायचे, ठिपका द्यायचा, परत टाकायचे, पिशवी नीट हलवायची. दुसऱ्याने ३० काढायचे, ठिपक्याचे किती ते मोजायचे, गणित मांडायचं. दहा मुलांकडून करून घ्या, दहा वेगळी उत्तरं येतील. ती सगळी फळ्यावर लिहा, सगळ्यात शेवटी पिशवी ओतून खरी संख्या मोजा. २२ ते ३१ हजार असं का लिहितात ते आपोआप समजेल.

मग एक फेरी मुद्दाम बिघडवा. पिशवी न हलवता वरवरचे दाणे काढायला सांगा, ठिपक्याचे भसाभस येतील आणि एकूण संख्या फारच कमी निघेल. एका फेरीत गुपचूप ठिपक्याचे दहा दाणे खिशात घाला, शेजारच्या गटात निघून गेलेली अस्वलं म्हणून. या वेळी उत्तर फुगेल. का फुगलं ते मुलांनाच शोधू द्या.